टेंडनची सूज आणि नुकसानभरपाई: या चुका टाळा

यंत्रात हात सापडला, तर अपघाताची तारीख, वेळ आणि साक्षीदार सांगता येतात. तीच ती हालचाल महिनोन्‌महिने करून टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, सुजते तेव्हा यांपैकी काहीच हाताशी नसते, आणि भरपाईचा दावा नेमका तिथेच अडकतो.

पहिली आणि माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे ‘नस आखडली असेल’ असे म्हणून दिवस ढकलणे. सुरुवातीला कामाची पाळी संपताना दुखते आणि सुट्टीत थांबते. पुढे कुलपात किल्ली फिरवतानाही कळ येते. हा क्रमच पुरावा असतो, म्हणून कोणत्या हालचालीने, किती वेळाने दुखू लागले आणि सुट्टीच्या दिवशी काय फरक पडला, हे त्या त्या दिवशी वहीत लिहून ठेवावे. सहा महिन्यांनी आठवून लिहिलेल्या नोंदीला तेवढे वजन राहत नाही.

डॉक्टरांपुढे नुसते ‘हात दुखतो’ म्हणणे ही दुसरी चूक. केसपेपरवर तेवढेच उतरते आणि कामाचा उल्लेखच राहून जातो. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीच्या बाजूला झुकवल्यावर अंगठ्याच्या मुळाशी तीव्र कळ आली, तर स्विस शल्यविशारद डी क्वेरवेन यांनी १८९५ मध्ये वर्णिलेल्या आजाराची शंका घेतली जाते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१० च्या व्यावसायिक आजारांच्या यादीत हाच आजार, म्हणजे मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूच्या टेंडन-आवरणाची सूज, समाविष्ट आहे. मात्र तिथे वारंवार होणारी हालचाल, जोर आणि मनगटाची अवघड स्थिती यांच्याशी तिचा संबंध जोडलेला आहे. त्यामुळे अवजाराचे वजन, मनगटाचा कोन आणि तासाभरात ती हालचाल किती वेळा होते हे डॉक्टरांना आपणहून सांगाव्यात. मधुमेह किंवा फावल्या वेळातील खेळ मात्र लपवू नये. तो नंतर उघड झाला, की खऱ्या तक्रारीवरचाही विश्वास उडतो.

मुकादमाच्या कानावर घातले म्हणजे कळवले, असे समजू नये. अर्ज लेखी द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. दाव्याची मुदत कायद्याप्रमाणे बदलते, त्यामुळे ती जाणकार वकिलाकडून सुरुवातीलाच समजून घ्यावी.

उपचारांतही घाई नडते. वेदनाशामक गोळी घेऊन तेच काम रेटत राहिल्याने इजा वाढते, आणि स्टेरॉइडची इंजेक्शने वारंवार घेतल्याने टेंडन कमकुवत होऊ शकते. टेंडनला रक्तपुरवठा कमी असल्याने भरून येण्यास कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. पहिल्या महिन्यात दुखणे जरा कमी झाले म्हणून ‘पूर्ण व अंतिम’ तडजोडीच्या कागदावर सही करणाऱ्याला, पुढे पकड कायमची कमजोर राहिली तरी, पुन्हा मागणी करणे फार कठीण जाते.