फुटबॉलचा प्रकार बदलताय? आधी जागा ठरवा, मग खेळ

इस्रायल फोलाऊ हा रग्बी लीगमधला (१३ जणांची रग्बी, पुढे नुसती ‘लीग’) मोठा खेळाडू. तो ऑस्ट्रेलियन रूल्सकडे (ऑस्ट्रेलियाचा स्वतःचा फुटबॉल) वळला आणि २०१२ च्या मोसमात ग्रेटर वेस्टर्न सिडनीकडून १३ सामन्यांत त्याचे गोल झाले २. जून २०१३ मध्ये त्याने रग्बी युनियनच्या (१५ जणांची रग्बी, पुढे ‘युनियन’) पहिल्याच कसोटीत, तेही ब्रिटिश अँड आयरिश लायन्सविरुद्ध, २ ट्राय केले, म्हणजे समोरच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवला. माणूस तोच, उडी तीच, मधे जेमतेम वर्ष. युनियनमध्ये त्याला मागून धावत येऊन उंच चेंडू झेलायचा होता आणि समोरची फट शोधायची होती. हे काम तो लीगमध्ये रोज करत होता. ऑस्ट्रेलियन रूल्समध्ये ऑफसाइडच नाही, चेंडूच्या पुढेही कोणी कुठेही उभं राहू शकतं. मैदान लंबगोल, एका संघाचे १८ जण, चेंडू पाठीमागूनही येतो. तो कुठे पडणार हे आधी ओळखून तिथवर पोचायचं, मग उडी कामाला येते. ती ओळख लहानपणापासून खेळल्याशिवाय सहज येत नाही.

म्हणून ‘मला एएफएलमध्ये (ऑस्ट्रेलियन रूल्सची मुख्य स्पर्धा) जमेल का’ असा प्रश्न विचारू नका. ‘तिथल्या कोणत्या जागेवर माझं आत्ताचं काम निम्मं तरी तसंच राहतं’ असा विचारा.

लीगमधून युनियनमध्ये जाणाऱ्यांसाठी उत्तर सरळ आहे: विंग (कडेची जागा) किंवा फुलबॅक (सर्वांत मागची). युनियनच्या २००३ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात दोनच ट्राय झाले, एक लोटे तुकिरीचा आणि एक जेसन रॉबिन्सनचा. दोघेही लीगमधून आलेले, दोघेही त्या दिवशी विंगवर. आत, फॉरवर्ड्समध्ये शिरलात की स्क्रम (दोन्ही संघांची एकमेकांना रेटणारी झुंड), लाइनआउट (कडेवरून फेकलेल्या चेंडूसाठी रांगेतली उडी) आणि मुख्य म्हणजे रक (जमिनीवरच्या चेंडूवरची रेटारेटी) नव्याने शिकावा लागतो. लीगमध्ये पाडलेला खेळाडू उठतो, चेंडू पायाने मागे ढकलतो आणि बचाव करणारे १० मीटर मागे जातात. युनियनमध्ये पडल्या क्षणी चेंडू सोडायचा असतो आणि चेंडूवरून झगडा तिथेच सुरू होतो. पाडणाऱ्यानेही लगेच हात सोडून बाजूला व्हायचं. लीगची सवय उलटी, समोरच्याला जितका वेळ धरून ठेवता येईल तितकं बरं. सुरुवातीच्या महिन्यांत पेनल्टी जातात त्या बहुतेक इथेच. सॅम बर्जेसचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. लीगमधून युनियनमध्ये आल्यावर क्लबने त्याला फ्लँकर (फॉरवर्ड्सपैकी एक) म्हणून खेळवलं, इंग्लंडने २०१५ च्या विश्वचषकात सेंटर (मैदानाच्या मधल्या फळीतला) म्हणून, आणि विश्वचषक संपताच तो लीगमध्ये परतला. एका वर्षात दोन नव्या जागा कोणालाच पेलत नाहीत. करार करतानाच जागा ठरवून घ्या.

आयर्लंडच्या गेलिक फुटबॉलमधून एएफएलकडे जाणारी वाट जुनी आहे. हातात चेंडू घेऊन पळणं, उंच झेल, दमसास हे सगळं जुळतं. चेंडू मात्र गोलाचा लंबगोल होतो, आणि लाथ पहिल्यापासून घडवावी लागते. ड्रॉप पंटमध्ये, म्हणजे तिथल्या नेहमीच्या लाथेत, चेंडू जवळजवळ उभा धरायचा, लाथ मारणाऱ्या पायाच्या मांडीसमोर, आणि एकाच हाताने खाली सोडायचा. चूक पायात कमी, सोडण्यात जास्त. चेंडू हातातून सुटताना जरा तिरका झाला की तो पायाच्या कडेला लागतो आणि वाकडा जातो. गोल चेंडू ही चूक माफ करतो. त्यामुळे लांब लाथांचा हट्ट सोडा. पहिले काही आठवडे १५–२० मीटरवरच्या जोडीदाराच्या छातीवर चेंडू पोचवा, दोन्ही पायांनी.

लाथेपेक्षा नियमांची सवय उशिरा लागते. डब्लिनहून मेलबर्न संघात आलेला जिम स्टाइन्स १९८७ च्या प्रिलिमिनरी फायनलमध्ये (अंतिम सामन्याआधीची लढत), सामना संपता संपता, फ्री किक मिळालेला प्रतिस्पर्धी आणि त्याच्यासमोर उभा असलेला आपला साथीदार यांच्या मधून धावत गेला. आपल्या माणसामागे पळावं, एवढीच त्याची बुद्धी. पण त्या पट्ट्यातून जायला बंदी असते. १५ मीटरचा दंड झाला, हॉथॉर्नच्या गॅरी बकेनाराने तेवढं पुढे सरकून गोल मारला आणि मेलबर्न २ गुणांनी हरलं. तोच स्टाइन्स १९९१ मध्ये ब्राउनलो पदक, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, जिंकला. मधली चार वर्षं विसरू नका.

अमेरिकन फुटबॉलमध्ये तर जागेचा प्रश्न आणखी टोकदार. जॅरिड हेन २०१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सकडे गेला तेव्हा तो रग्बी लीगच्या सर्वोत्कृष्ट खेळाडूंपैकी एक होता. पहिल्याच सामन्यात पंट (लाथेने उंच मारलेला चेंडू) झेलताना चेंडू हातातून सुटला. मोसमात मिळाले ८ सामने. त्याची जागा रनिंग बॅकची, चेंडू घेऊन पळणाऱ्याची, पण पळता येणं हा कामाचा एक भाग. प्रत्येक चालीत क्वार्टरबॅकवर (चेंडू फेकणारा सूत्रधार) कोण चालून येतंय ते ओळखून त्याला अडवायचंही असतं, आणि ते पाठ केलेल्या चालींच्या वहीतून येतं. चेंडू धरण्याची पद्धतही वेगळी. रग्बीत पास देता यावा म्हणून तो शरीरापासून सुटा धरतात. इथे बोटं, तळवा, कोपरापासूनचा हात, दंड आणि बरगड्या अशा पाच ठिकाणी तो घट्ट दाबलेला हवा, कारण मागून येणारा खेळाडू चेंडूवरच फटका मारतो.

जॉर्डन मैलाटाही सिडनीच्या लीगमधलाच. पण फिलाडेल्फिया ईगल्सने २०१८ मध्ये त्याला नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत सातव्या फेरीत घेतलं ते टॅकल (क्वार्टरबॅकचं रक्षण करणारा) म्हणून. त्या जागेवर चेंडू हातात घ्यायचाच नसतो. पाय सरकवत मागे जायचं आणि चालून येणाऱ्याला रोखायचं. दोन मोसम तो एकही सामना खेळला नाही, नुसती पावलं घोटली. २०२० मध्ये मैदानात उतरला, २०२५ च्या फेब्रुवारीत सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, जिंकला. सगळ्यात सोपी उडी म्हणजे पंटर, चेंडू लाथेने लांब पाठवणारा. डॅरन बेनेट, बेन ग्रॅहम, सॅव्ह रोका हे सारे एएफएलमधून गेले. ड्रॉप पंटची उलटी फिरकी चेंडूला टप्प्यानंतर पुढे घरंगळू देत नाही, आणि तिथे नेमकं तेच हवं असतं.

आपल्याकडे कबड्डीतून रग्बीकडे येणारी मुलं-मुली आहेत. खाली वाकून मांडी धरणं, घोटा धरणं ही त्यांची तयार पुंजी. चूक एकच आणि ती हमखास. कबड्डीत पकड सोडली की चढाईपटू निसटला, रग्बीत पकड सोडली नाही की पेनल्टी. पाडल्यावर शिटीची वाट न बघता हात सोडून उठायचा सराव वेगळा करा.

वेळेचं म्हणाल तर दोन पूर्ण मोसम हाताशी धरा, आणि परतीची तारीख आधीच ठरवा. लुई रीस-झॅमिट जानेवारी २०२४ मध्ये वेल्सची रग्बी सोडून अमेरिकेला गेला, अमेरिकन फुटबॉलच्या नियमित मोसमातला एकही सामना मिळाला नाही, २०२५ च्या उन्हाळ्यात २४ व्या वर्षी परत आला. वय हाताशी होतं, म्हणून क्लबही लगेच मिळाला.