घळीच्या वळणावर हिमस्खलन: या विषयात नवीन येणाऱ्यांसाठी माझा अनुभव

मी मूळचा मेकॅनिकलवाला, आधी पाण्याच्या प्रवाहावर काम केलेलं, त्यामुळे हिमस्खलनाच्या मॉडेलिंगला हात घातला तेव्हा वाटलं समीकरणं तीच, पाण्याच्या जागी बर्फ टाकायचा एवढंच. सरळ उतारावर माझा कोड मस्त चालायचा, पण घळ वळली किंवा तळ खोलगट झाला की हिशोब गडबडायचा, बर्फ पाहिजे त्यापेक्षा खूप लांब पळायचा. कित्येक आठवड्यांनी कळलं की तळावरचा दाब मी फक्त वजनातून काढत होतो. खोलगट तळावरून जोरात जाताना बर्फ तळावर जास्त दाबला जातो, दाब वाढला की घर्षण वाढतं, आणि तेच मी धरलं नव्हतं. उतार ३० अंश, वेग सेकंदाला ३० मीटर आणि तळाच्या वक्रतेची त्रिज्या ३०० मीटर घेतली तर दाब साधारण ३५ टक्क्यांनी वाढतो, ही काय सोडून द्यायची गोष्ट नाही.

आडव्या वळणावर तर अजून मजेशीर प्रकार. बर्फ बाहेरच्या कडेला चढतो, आतली बाजू रिकामी होत जाते. दोन कडांमधला उंचीचा फरक हातानेच काढून बघा: वेगाचा वर्ग गुणिले घळीची रुंदी, भागिले गुरुत्वीय त्वरण आणि वळणाची त्रिज्या यांचा गुणाकार. वेग सेकंदाला २० मीटर, रुंदी ३० मीटर, त्रिज्या १०० मीटर धरली तर फरक १२ मीटर येतो. वेग ३० केला की २७ च्या वर! म्हणजे ज्या काठाच्या भरवशावर आपण खाली सेफ झोन आखतो तो काठच ओलांडला जाऊ शकतो. आणि हे झालं खालच्या दाट थराचं, वरचा भुकटीचा ढग घळीचं फारसं ऐकत नाही, तो बऱ्याचदा वळण सोडून सरळ पुढे निघतो.

लॅबमध्ये वाकड्या नळीसारख्या चॅनेलमधून प्लास्टिकचे मणी सोडले तेव्हा हे डोळ्यांनी दिसलं, बाहेरच्या भिंतीवर मण्यांचा तिरका पट्टा चढला आणि तिथे पातळी एकदम उडी मारल्यासारखी वाढली. ती उडी बघितल्यावर शॉक, म्हणजे अशी अचानक उडी, नीट पकडणाऱ्या न्यूमरिकल पद्धती का लागतात ते मला पटलं.

वाचायला सुरुवात वोल्मीच्या १९५५ च्या घर्षणाच्या मॉडेलपासून करा, मग सॅव्हेज आणि हटर यांचं दाणेदार पदार्थ उतारावरून कसे वाहतात यावरचं १९८९ चं काम. त्याआधी वक्रता आणि वक्ररेषेला धरून चालणारे अक्ष पक्के करा, सॉफ्टवेअरला नंतर हात लावा.

नकाशावरून त्रिज्या काढताना मात्र घाई नको. वरच्या वळणाच्या उदाहरणात वेग २० च ठेवून त्रिज्या ८० धरली तर फरक १५ मीटर, १२० धरली तर १०, म्हणून वळणाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी अशी तीनदा मोजा आणि सगळ्यात लहान येईल तिच्यावर काठाची उंची तपासा.