झूलॉजीला येताय तर आधी उंदराचा दिवस मोजायला शिका

मी खानापूरची, दहावीपर्यंत मराठी मीडियम, बीएस्सी बेळगावात आणि एमएस्सी धारवाडला. प्रोजेक्टला टॉपिक मिळाला, गर्भ राहिल्यावर पहिल्या आठवड्यात पांढऱ्या उंदरांचे हार्मोन कसे बदलतात. ऐकायला भारी, पण काम काय तर रोज सकाळी आठला मादीचा स्मिअर (योनीतल्या पेशींचा नमुना) घ्यायचा, रविवारी पण, गणपतीत पण. आई म्हणाली, उंदरांना सुट्टी नसते होय गं? नसते की!

रात्री मादीजवळ नर सोडायचा, सकाळी ड्रॉपरमधे थोडं सलाईन घेऊन स्मिअर काढायचा. मायक्रोस्कोपखाली विळ्यासारख्या वाकड्या डोक्याचे शुक्राणू दिसले की तो गर्भाचा दिवस पहिला. काही लॅबमधे तोच दिवस शून्य धरतात, पेपर वाचताना आधी हे बघा, कारण चौथ्या दिवशी इस्ट्रोजेन थोडंसंच उसळतं आणि त्याच्या जोरावर पाचव्या दिवशी गर्भ पिशवीला चिकटतो, म्हणजे तुम्ही एक दिवस चुकला तर ती उसळी सापडतच नाही.

आता माझा घोळ. कंट्रोलच्या (म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या) तीन माद्या, नराचं तोंड पण न बघितलेल्या, त्यांचं ४-५ दिवसांचं माजाचं चक्र एकदम बंद, स्मिअरमधे रोज नुसत्या पांढऱ्या पेशी आणि प्रोजेस्टेरॉन चढलेलं. मला वाटलं हार्मोन मोजायचं किटच खराब. लॅबमधले अण्णा मी स्मिअर घेताना बाजूला उभं राहून "निधान, निधान" (कन्नडमधे हळू, हळू) म्हणायचे ते मला तेव्हा कळलं नाही. ड्रॉपर मी जास्तच आत घालत होते. गर्भाशयाच्या तोंडाला धक्का लागला की मेंदूला वाटतं नर येऊन गेला, मग रोज दोनदा प्रोलॅक्टिन हे हार्मोन उसळतं, त्यानं कॉर्पस ल्युटियम (बीज सुटल्यावर अंडाशयात त्या जागी बनणारी गाठ) टिकतं आणि ते प्रोजेस्टेरॉन बनवत बसतं. हा खोटा गर्भ १२-१३ दिवस चालतो. खऱ्या गर्भात पण सुरवात अशीच, म्हणून पहिल्या दिवसांत नुसत्या प्रोजेस्टेरॉनवरून गाभण आहे असं लिहू नका, पुढं पिशवी उघडून बघितल्यावरच खरं कळतं. (माणसांची प्रेग्नन्सी स्ट्रिप लावून बघू का असं दरवर्षी कोणीतरी विचारतंच, ती स्ट्रिप जे हार्मोन (hCG) ओळखते ते उंदरात नसतंच बाबांनो.)

एथिक्स कमिटीची परवानगी आधी घ्या, त्याला वेळ लागतो. आणि ड्रॉपरवर टोकापासून थोड्याच अंतरावर मार्करनं खूण करून ठेवा, माझ्या ड्रॉपरवर अजून आहे.