सातवे तत्त्व विषयपत्रिकेवर कसे आणायचे

एका सहकारी संस्थेत मी बावीस वर्षे सचिव होते. सभासदांचा माल गोळा करायचा, त्यावर प्रक्रिया करायची आणि विकायचा, हे संस्थेचे काम. आता नव्या संचालकांना मदत करते तेव्हा एक प्रश्न हमखास येतो : "सामाजिक जबाबदारी म्हणून देणगी कुणाला द्यावी?" इथून सुरुवात करू नका, असे मी सांगते.

एका वर्षी वाढावा, म्हणजे खर्च जाऊन उरलेली रक्कम, चांगला होता. वार्षिक सभेत आम्ही एका शाळेला देणगी जाहीर केली, टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी गोदाम झाडणाऱ्या बाईंनी मला विचारले, "मॅडम, आमच्यासाठी संडास कधी बांधणार?" गोदामात अकरा बायका कंत्राटदारामार्फत येत. त्या सभासद नव्हत्या, त्यामुळे सभेत त्यांच्या बाजूने बोलणारे कुणी नव्हते. संडासाला जावे लागू नये म्हणून त्या दिवसभर पाणी कमी पीत. कार्यालयातल्या स्वच्छतागृहाची किल्ली माझ्याच टेबलाच्या खणात असे आणि मला हे कधी दिसले नव्हते. त्या प्रश्नानंतर मी सहकाराची तत्त्वे पुन्हा नीट वाचली.

आंतरराष्ट्रीय सहकारी संघाने १९९५ साली मँचेस्टरला सात तत्त्वे स्वीकारली. सातवे तत्त्व आहे समाजाप्रती आस्था. सहकारी संस्था आपल्या समाजाच्या शाश्वत विकासासाठी काम करतात, आणि ते सभासदांनी मान्य केलेल्या धोरणांतून, असे ते सांगते. 'सभासदांनी मान्य केलेली धोरणे' हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. अध्यक्षांच्या मर्जीने दिलेली देणगी चांगली असू शकते, पण ती अध्यक्ष बदलले की थांबते. सभेने ठराव करून घेतलेली जबाबदारी पुढच्या मंडळालाही पाळावी लागते, नको असेल तर सभेपुढे उभे राहून बदलून घ्यावी लागते.

म्हणून पहिले काम, स्वतःच्या धंद्याकडे बघा. १८४४ साली इंग्लंडमधल्या रॉचडेलला कामगारांनी सहकारी दुकान उघडले, तेव्हा भेसळ नसलेला माल आणि अचूक वजन हेच त्यांचे समाजकार्य होते. धंदा एकीकडे आणि सेवा दुसरीकडे अशी वाटणी त्यांनी केली नाही.

मागच्या बारा महिन्यांची वीज, डिझेल, पाणी आणि पॅकिंगची बिले एका कागदावर मांडा. कचरा किती निघाला आणि तो नेमका कुठे गेला, हेही लिहा. 'गाडीवाला घेऊन जातो' हे उत्तर पुरे नाही. एकदा त्या गाडीमागे जाऊन बघा. मग प्रत्येक आकड्याला वर्षभराच्या उत्पादनाने भागा. एकूण वीज वाढली म्हणजे उधळपट्टी झाली असे नाही, माल जास्त झाला असेल. एका टनामागे किती वीज आणि किती पाणी लागले, हा आकडा खरे सांगतो. एकूण आकडाही ठेवाच, कारण नदीला किंवा विहिरीला टनाचा हिशेब कळत नाही, तिच्यातून पाणी एकूणच कमी होते.

एवढ्यावर थांबलात तर मात्र चित्र अर्धेच राहील. प्रक्रिया करणाऱ्या संस्थेचा मोठा भार बहुधा तिच्या आवाराबाहेर, सभासदांच्या शेतात किंवा कच्चा माल पुरवणाऱ्यांकडे असतो. पतसंस्थेचे वीजबिल नगण्य असते. तिची जबाबदारी तिने दिलेल्या कर्जांत असते. कर्ज कशासाठी मागितले आहे आणि त्यातून कुणाचे पाणी किंवा जमीन बिघडणार आहे का, हे दोन प्रश्न कर्जाच्या अर्जातच छापून घ्या.

दुसरा कागद माणसांचा. आवारात काम करणारे सगळे लिहा : सभासद, पगारी नोकर, कंत्राटी, हंगामी. प्रत्येकापुढे मजुरी, कामाचे तास, वर्षातले अपघात, आणि तक्रार कुणाकडे करता येते ते. आमच्या कागदावर हा तक्रारीचा रकाना रिकामा राहिला होता. सर्वात जास्त आणि सर्वात कमी मोबदला यांत किती पट अंतर आहे, तेही काढा. स्पेनमधल्या मोंद्रागोन या सहकारी संस्थांच्या समूहात हे अंतर कामगार-सभासद स्वतः ठरवतात आणि साधारण सहापटीच्या आसपास ठेवतात. २०१३ मध्ये त्या समूहातली घरगुती उपकरणे बनवणारी फागोर संस्था दिवाळखोरीत गेली, तेव्हा तिथल्या अनेक कामगार-सभासदांना समूहातल्या इतर संस्थांनी कामावर घेतले. तशी सोय आधीपासून बांधलेली असली तरच अडचणीत उपयोगी पडते.

हे दोन कागद घेऊन वार्षिक सभेच्या निदान दोन महिने आधी छोट्या बैठका घ्या. मोठ्या सभेत नेहमीचेच चौघे बोलतात. महिला सभासद, कमी माल घालणारे आणि रात्रपाळीचे लोक यांना त्यांच्या सोयीच्या वेळी भेटा. कंत्राटी लोकांना मत नाही, पण बोलावण्यापासून कुणी अडवलेले नाही.

आता ठराव. 'संस्थेने पर्यावरणासाठी योग्य ते प्रयत्न करावेत' असा ठराव एकमताने मंजूर होतो आणि त्यातून काहीही होत नाही. असा लिहा : 'दोन वर्षांत प्रति टन पाण्याचा वापर वीस टक्क्यांनी कमी करणे, जबाबदारी उत्पादन व्यवस्थापकाची, खर्च अमुक तरतुदीतून, दर तीन महिन्यांनी मंडळापुढे आकडे.' काय, किती, कधीपर्यंत, कुणी आणि कुठल्या पैशातून, यातले एक जरी उत्तर राहिले असेल तर मसुदा परत पाठवा.

पैशाबद्दल माझे मत ठाम आहे. ही तरतूद लाभांश ठरण्याआधी व्हावी. उरले तर देऊ, असे म्हटले की उरत नाही. सभासदांच्या आर्थिक सहभागाचे तिसरे तत्त्वही वाढावा वापरताना संस्थेचा विकास, राखीव निधी, सभासदांना व्यवहाराच्या प्रमाणात परतावा आणि सभासदांनी मान्य केलेली इतर कामे असे मार्ग सांगते; सातव्याला जागा तिथेच आहे. इटलीत १९९२ च्या कायद्याने सहकारी संस्थांना वार्षिक नफ्याचे तीन टक्के सहकाराच्या वाढीसाठीच्या सामाईक निधीत भरावे लागतात. तुमच्याकडे किती टक्के आणि कुठे देता येतात, हे तुमच्या उपविधींत, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या नियमांत, आणि कायद्यात बघा, लेखापरीक्षकाला सभेआधी विचारा. आमचे स्वच्छतागृह मात्र देणगीतून नव्हे, इमारत दुरुस्तीच्या खर्चातून झाले, आणि ते बरोबरच होते. कामाची जागा नीट ठेवणे हे दान नाही.

वर्षअखेरीस अहवाल द्या, आणि तो लाभांशाच्या विषयाआधी वाचा. नंतर सभागृह रिकामे होते. न जमलेलेही त्यात लिहा. आमचा अपघातांचा आकडा एका वर्षी दुपटीने वाढला, आणि संचालकांना तो छापायचा नव्हता. छापला. वाढीचे एक कारण असे निघाले की पूर्वी किरकोळ अपघातांची नोंदच होत नव्हती. ते सभेला समजावून सांगितल्यावर लोकांनी शांतपणे ऐकले आणि हातमोज्यांसाठी वेगळी तरतूद मागितली.

ठराव पडला तर? आमचा पाण्याचा ठराव पहिल्या वर्षी पडला. लहान सभासदांचे म्हणणे होते की माल धुण्याची नवी पद्धत आली की नाकारला जाणारा माल वाढेल आणि नुकसान त्यांच्याच माथी येईल. म्हणणे रास्त होते. मी ते इतिवृत्तात शब्दशः लिहिले, केवळ 'ठराव नामंजूर' असे नव्हे. पुढच्या वर्षी मसुदा लिहायला बसले तेव्हा तेच पान समोर ठेवले आणि पहिले कलम घातले : पहिल्या हंगामात नाकारल्या गेलेल्या जादा मालाची भरपाई संस्था देईल.