मुलाखतीत "लग्नाचं काय ठरलंय?" विचारलं तर

आज मी भरतीच्या कामात आहे, टेबलाच्या पलीकडे बसते. पण हे लिहिते आहे ते मी अलीकडे बसले होते तेव्हाच्या एका मुलाखतीमुळे. अर्धा तास कामाबद्दल छान बोलणं झालं होतं. मग पॅनलमधल्या ज्येष्ठ गृहस्थांनी माझा बायोडेटा पालथा ठेवला, पेनाला टोपण लावलं आणि विचारलं, "लग्नाचं काय ठरलंय? नंतर नोकरी सोडणार नाही ना?"

मी गडबडले. साखरपुडा झालाय, होणारा नवरा काय करतो, सासरी कोण कोण आहे, सगळं भडाभडा सांगून टाकलं. विचारलं होतं त्याच्या चौपट. ती नोकरी मिळाली नाही. कारण कळलं नाही, पण मीच एवढं का बोलले, हे कितीतरी दिवस मनाला टोचत राहिलं.

म्हणून आधी एकच करा: लगेच बोलू नका. पाण्याचा घोट घ्या. अशा प्रश्नाने आपण आरोपीच्या पिंजऱ्यात उभे आहोत असं वाटतं आणि माणूस खुलासे देत सुटतो.

मग त्या प्रश्नामागची धास्ती ओळखा. लग्नाबद्दल विचारणाऱ्याला बहुतेक वेळा तुमच्या लग्नाशी घेणंदेणं नसतं. सहा महिन्यांत जागा पुन्हा रिकामी होईल का, ही त्याची चिंता असते. "मुलं किती लहान आहेत?" म्हणजे उशिरापर्यंत थांबाल का. वयावरून चाचपणी चालली असेल, तर तरुण साहेबाच्या हाताखाली काम कराल का, असा अर्थ निघतो. उत्तर त्या चिंतेला द्या, खासगी तपशील बाजूला ठेवा. मी उमेदवारांना हे वाक्य सांगते: "घरच्या गोष्टी माझ्या मी सांभाळते. या कामाच्या वेळा मी वाचल्या आहेत आणि त्या मला जमतील." एवढं बोलून थांबायचं. पुढची शांतता आपण भरून काढायची नाही.

हे वाक्य घरी मोठ्याने म्हणून बघा. मनात ते सोपं वाटतं, पण पहिल्यांदा तोंडातून काढताना आवाज कापतो.

तरीही कोणी खोदून विचारलंच, तर साध्या आवाजात म्हणा, "याचा कामाशी संबंध कसा येतो ते सांगाल का? म्हणजे मला नीट उत्तर देता येईल." माझ्या शेजारी बसलेल्या एका सहकाऱ्याला एका मुलीने हेच विचारलं होतं. त्यांनी कागद चाळले आणि पुढच्या प्रश्नावर गेले. तिला आम्ही घेतलं. अर्थात सगळीकडे असं होईल याची खात्री मी देणार नाही. नोकरीची फार गरज असेल आणि तुम्ही सरळ उत्तर दिलंत, तर त्यात कमीपणा मानू नका. चूक विचारणाऱ्याची आहे.

प्रत्येक अवघड प्रश्न गैर नसतो, हेही लक्षात घ्या. "रात्रपाळी जमेल का?" हा सगळ्यांना विचारला तर योग्यच. फक्त बायकांना विचारला तर नाही.

कायदा देशागणिक बदलतो. ब्रिटनमध्ये २०१० च्या समानता कायद्यानुसार, काही अपवाद सोडले तर, नोकरी देऊ करण्याआधी तब्येतीची चौकशी करता येत नाही. अमेरिकेत १९९० च्या कायद्यामुळे त्या टप्प्यावर अपंगत्वाबद्दल विचारता येत नाही. अमुक काम करता येईल का, एवढं विचारता येतं. भारतात १९७६ च्या समान वेतन कायद्यानेच भरतीत स्त्री-पुरुष भेदभावाला मनाई केली. पण बऱ्याच ठिकाणी कायदा प्रश्नापेक्षा निवडीतला भेदभाव पाहतो, आणि विचारलेला प्रश्न त्याचा पुरावा ठरू शकतो.

शरीराबद्दल शेरेबाजी, अश्लील सूचना, "एकट्या राहता का?" असं लगटपणे विचारणं, यांना उत्तर द्यायचंच नाही. "मी ही मुलाखत इथेच थांबवते," म्हणा, फाइल उचला आणि निघा. कारण सांगत बसू नका.

बाहेर पडल्यावर, घरी पोहोचायच्याही आधी, सगळं लिहून काढा: तारीख, वेळ, खोलीत कोण कोण होतं, कोण काय म्हणालं. तेच स्वतःला मेल करून ठेवा, म्हणजे त्यावर वेळेची नोंद राहते. पुढे तक्रार करा वा न करा, तो निर्णय सावकाश घेता येईल. मात्र लिहिताना "त्यांनी भेदभाव केला" असं मोघम लिहू नका. "आमच्याकडे लग्न झालेल्या मुली टिकत नाहीत" असं कोणी म्हणालं असेल, तर तेच शब्द जसेच्या तसे, अवतरणचिन्हांत लिहा.