फिटच्या गोळ्यांनी अंगावर पुरळ उठल्यास

फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन, ऑक्सकार्बाझेपिन किंवा लॅमोट्रिजिन यांपैकी गोळी नव्याने सुरू झाली, की पहिल्या गोळीची तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. या औषधांची गंभीर रिअ‍ॅक्शन क्वचितच येते, पण आलीच तर बहुधा पहिल्या आठ आठवड्यांत येते.

नाशिककडे मे महिन्यात उठलेले पुरळ घामोळे समजले जाते आणि पावसाळ्यात तापासोबत उठले तर डेंग्यू. त्यामुळे सब्जाचे पाणी पाजून दोन दिवस वाट पाहण्याची आपली रीत इथे महागात पडू शकते.

ताप नसलेले, नुसते खाजणारे लाल पुरळ असले, तरी उजेडात मोबाइलवर त्याचा फोटो काढावा आणि पुढच्या गोळीची वेळ होण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. मनाने गोळी बंद करू नये, कारण अचानक खंड पडल्यास लागोपाठ फिट येऊ शकतात.

मात्र पुरळासोबत ताप, चेहऱ्यावर सूज, मानेत किंवा काखेत गाठी, डोळ्यांत पिवळेपणा, तोंडात फोड, लाल होऊन चुरचुरणारे डोळे, दुखरी किंवा सोलवटणारी कातडी यांपैकी काहीही दिसले, तर पुढची गोळी न घेता तडक रुग्णालय गाठावे. सुरुवात अनेकदा साधीच असते: चूळ भरताना तोंड झोंबते, भाकरीचा घास गिळताना घसा दुखतो. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावर असाल, तर सकाळच्या एसटीची वाट न पाहता 108 ला फोन करावा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. फिटसाठी दुसरे औषध काय द्यायचे, हे तिथले डॉक्टर लगेच ठरवतात.

लॅमोट्रिजिनचा डोस अगदी सावकाश वाढवावा लागतो, व्हॅल्प्रोएट हे फिटचे दुसरे औषध सोबत चालू असेल तर त्याहूनही सावकाश. डोस वाढवण्याची घाई रुग्णाने करू नये आणि काही दिवसांचा खंड पडल्यास जुना पूर्ण डोस परस्पर सुरू करू नये.

एका औषधाची अशी रिअ‍ॅक्शन आलेल्या व्यक्तीला वर दिलेल्या यादीतले दुसरे औषधही बाधण्याची शक्यता बरीच असते. म्हणून औषधाचे नाव (कंपनीचे नव्हे, मूळ औषधाचे) आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी पैशांच्या पाकिटात ठेवावी. रक्ताच्या नात्यातल्यांनाही हा धोका जास्त असतो, तेव्हा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला फिटची गोळी सुरू होणार असेल, तर तीच चिठ्ठी त्यांच्या डॉक्टरांना आधी दाखवावी.