ऑलिम्पियाडचं गणित अडलं की काय करायचं

शाळेत ९५ मार्क पाडणारी मुलं ऑलिम्पियाडच्या पेपरपुढे गप्प बसतात, कारण शाळेत गणित बघितलं की कुठला फॉर्म्युला लागणार ते लगेच कळतं आणि इथे ते पटकन कळू नये अशा बेतानंच गणित काढलेलं असतं. म्हणून आधी एकच करा, फॉर्म्युला शोधणं सोडा आणि छोटे आकडे टाकून बघा.

१९६४ च्या मॉस्कोच्या इंटरनॅशनल ऑलिम्पियाडचं पहिलंच गणित घ्या, २ च्या कुठल्या घातातून १ वजा केला की ७ नी भाग जातो? नुसतं बघत बसू नका, लिहा. २, ४, ८, १६, ३२, ६४, आणि प्रत्येकाला ७ नी भागून बाकी काढा, २, ४, १, २, ४, १. दिसलं ना? दर तिसऱ्या घाताला बाकी १, म्हणजे घात ३ च्या पटीत असला की झालं. पण इथे थांबायचं नाही हां, सहा ओळींत दिसलं म्हणजे कायम तसंच होणार असं नाही, ते का होतं हे सांगता आलं पाहिजे. ८ ला ७ नी भागलं की बाकी १, त्यामुळे तीन घात पुढे गेलं की आपण ८ नी गुणतो आणि बाकी तीच राहते. ही एक ओळ म्हणजेच सिद्धता! त्याच गणितात पुढे विचारलंय की १ मिळवला तर कधीच भाग जात नाही हे दाखवा, तेही आता फुकटात सुटतं, बाक्या ३, ५, २ एवढ्याच येतात, शून्य येतच नाही.

पण प्रत्येक वेळी आकडे टाकून भागत नाही. १९५९ ला रुमानियात पहिली इंटरनॅशनल ऑलिम्पियाड झाली तिचं पहिलं गणित होतं, (२१न + ४) भागिले (१४न + ३) या अपूर्णांकाला कधीच संक्षिप्त रूप देता येत नाही हे दाखवा, न म्हणजे १, २, ३ असा कुठलाही आकडा. इथे न च्या जागी १, २, ३ टाकून खात्री पटते पण कारण सापडत नाही. मग विचारायचं, त्रास कशाचा होतोय? न चा. तर तो घालवा, खालच्याची तिप्पट ४२न + ९, वरच्याची दुप्पट ४२न + ८, वजाबाकी १. दोघांना भागणारा आकडा १ लाही भागणार, म्हणजे तो १ च. मला हे गणित फार आवडतं, इतकं कमी लागतं त्याला.

उत्तर कधी बघायचं? तासभर झटून, काय काय करून बघितलं ते वहीत लिहून झाल्यावर, आणि तेव्हाही पहिली ओळ वाचून बाकीचं झाकून ठेवा, पुष्कळदा तेवढ्यावर पुढचं आपलं आपल्याला सुटतं. पूर्ण वाचावं लागलं तर चार दिवसांनी न बघता परत लिहा, अडलात तर ते अजून समजलेलं नाही. पालकांनी प्लीज आज किती गणितं झाली असं विचारू नका, एका गणितात रविवार गेला तरी चालतो.

जुने पेपर मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या वेबसाइटवर फुकट मिळतात. आपल्याकडच्या ऑलिम्पियाडची पहिली पायरी म्हणजे आयओक्यूएम, तिच्यात फक्त उत्तराचा आकडा द्यायचा असतो, पुढच्या पायरीला, म्हणजे आरएमओला, मात्र पूर्ण सिद्धता लिहावी लागते, त्यामुळे पहिल्यापासूनच प्रत्येक उत्तराखाली दोन ओळींत कारण लिहायची सवय लावा आणि ते वर्गातल्या एखाद्या मित्राला वाचायला द्या, तो जिथे "हे कसं काय?" म्हणेल तिथली ओळ परत लिहा.